मूठ पडेपर्यंत

जीपवाल्यानं मंजुश्रीला पळसवाडीच्या शाळेसमोर उतरवलं, तिची गादी, भांड्यांचं पोतं आणि बादली रस्त्याच्या कडेला मांडली, आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, परतीला गाडी लागली तर आधी फोन करत जा. नुसतं उभं राहून गाडी मिळत नसती इथं." घ्या! अजून सामान आत गेलं नाही आणि परतीची भाषा. मंजुश्रीला हसावं का रागवावं ते कळेना.

"फोन करायला रेंज कुठंय?" तिनं विचारलं.

"गावात न्हाईच. नागूबाईच्या बांधावर येती. ते बघा, नाल्याच्या पल्याड, बाभळ दिसती ना, तितं." एवढं सांगून तो धुरळा उडवत निघून गेला.

औशाहून लातूर, लातूरहून अहमदपूरवरून नांदेड, नांदेडहून हदगाव आणि हदगावहून ही जीप. मराठवाडा केवढा आहे ते नकाशात कळत नाही, एसटीच्या सीटवर कंबर मोडली की कळतं. मंजुश्रीचं सगळं आयुष्य त्या दक्षिणेच्या टोकाला गेलेलं. माहेर निलंग्याचं, सासर औशाचं. आणि नोकरी मिळाली ती इथं, पार वरच्या अंगाला, जिथून पुढं गेलं की पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडं विदर्भ. बरं, मिळाली तीही केव्हा? लग्न होऊन, पोर होऊन, परीक्षा देऊन देऊन डोळ्याला चष्मा लागल्यावर. नाही म्हणायची सोयच नव्हती.

घरात पेढे वाटून झाले आणि मग खरा प्रश्न पुढ्यात आला. नवरा अमरेश, त्याचं औशाच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान. जूनमध्ये त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तो कुठला येतोय! आणि पोरगी शांभवी, यंदाच पहिलीत जायची. सासूबाई उमादेवी म्हणाल्या, "पोरगी माझ्यापाशी राहू दे. तिकडं अनोळखी गावात तिला घेऊन काय करतीस? तू शाळेत गेल्यावर तिला कोण बघणार?" त्यात चूक काहीच नव्हतं, आणि तेच मंजुश्रीला सोसत नव्हतं. चूक असती तर भांडता तरी आलं असतं.

शांभवीनं मात्र भांडून घेतलं. तिच्या शाळेत पहिल्या दिवशी नव्या पोरांच्या पायाला कुंकवाचं पाणी लावून कागदावर ठसा घेतात. आजकाल सगळ्याच शाळांत घेतात. बालवाडीतल्या बाईंनी तिला ते आधीच सांगून ठेवलेलं, आणि त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला होता. तिच्या तळपायाला भारी गुदगुल्या होतात. आंघोळीला पाय घासायचा म्हटला तरी सगळी मोरी ओली करते.

"तू समोर उभी राहा," ती म्हणाली होती. "मी तुझ्याकडं बघून पाय ठेवीन. तुझ्याकडं बघितलं की गुदगुल्या होत नाहीत."

नेमणुकीचे कागद घ्यायला हदगावला गेली तेव्हा मंजुश्रीनं पहिल्या दिवसाची रजा मागून बघितली. केंद्रप्रमुख साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "एकशिक्षकी शाळा आहे मॅडम. पहिल्याच दिवशी शाळेला कुलूप? काय बातमी छापून आणायचीय का माझी?" झालं. मग घरी येऊन पोरीशी तोडपाणी. समोर नाही, पण फोनमधून समोर. व्हिडिओ कॉल लावायचा, अकराच्या सुमाराला, आज्जी फोन धरेल, आई त्यात दिसेल. शांभवीनं बराच वेळ विचार केला. "फोनमधून बघितलं तर गुदगुल्या होतील का?"

"नाही होणार," मंजुश्री म्हणाली. "आईच आहे ना मी."

"मग नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

एवढा एकच शब्द देऊन ती घरातून निघाली होती. आणि नाल्यापलीकडची ती बाभळ तिनं नीट बघून ठेवली.

शाळा म्हणजे एक वर्गखोली, तिला लागून एक लहान खोली आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. आधीचे गुरुजी हदगावहून ये-जा करायचे, त्याच्या आधीचेही. राहायला कोणी आलेलंच नव्हतं, त्यामुळं लहान खोलीत तुटक्या बाकांचा ढीग आणि कोळ्यांचा संसार. मंजुश्रीनं पदर खोचला, झाडलं, पुसलं, सामान लावलं. उद्याचा विचार करत वर्गात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पहिलीत यंदा एकच नाव होतं, पुनम. एक तर एक. तिच्यासाठी फुगे आणले होते, पांढरा जाड कागद आणला होता. आणि पिशवी उपसून उपसून बघितली तेव्हा लक्षात आलं की कुंकवाचा पुडा औशात देवघरासमोरच राहिला. स्वतःच्या लिंगपूजेला तिला विभूती लागते, कुंकू नाही, त्यामुळं विसरायला काय वेळ! काडेपेटीही दिसेना. आणि चहाला दूध तर हवंच होतं.

आता ह्यात काय मोठं? गावात पन्नास घरं. शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही! वाटी घेऊन ती निघाली.

दिवस मावळायला आला होता. पहिल्याच घरी बाई म्हैस पिळत बसली होती. चरवीत धारा वाजत होत्या, फेस वर आलेला दिसत होता. मंजुश्रीनं ओळख सांगितली. बाई गडबडीनं उठली, हात पुसले, तारामती म्हणून नाव सांगितलं, "बसा की बाई" म्हणाली. पण दुधाचं नाव काढल्यावर तिचा चेहरा पडला. तिनं चरवी चक्क पदराआड घेतली. "आज न्हाई जमायचं बाई. उद्या देतो की. उद्या पायजे तेवढं घ्या."

"थोडंसंच. चहापुरतं."

"न्हाई बाई. आज न्हाई." आणि ती जमिनीकडं बघायला लागली.

दुसऱ्या घरी काडेपेटी मागितली. घरातला माणूस म्हणाला, काडी न्हाई. त्याच्या पाठीमागं चूल धडधडून पेटलेली होती! तिसरं घर नागूबाईचं, बांधवाली ती हीच. म्हातारी ओसरीवर बसलेली, कपाळ मोकळं, समोर बियाण्याच्या पिशव्या रचलेल्या. पिशव्यांपुढं ताट, ताटात हळदीची वाटी आणि कुंकवाची वाटी, शिगोशीग भरलेली. खांबाआडून एक लहान पोरगी बघत होती, दोन वेण्या, नाक शेंबडं. तीच पुनम असणार. मंजुश्री तिच्याकडं बघून हसली तशी ती पूर्ण खांबाआड गेली.

"मावशी, चिमूटभर कुंकू मिळेल का? तुमच्या नातीसाठीच हवंय उद्या शाळेत."

नागूबाईनं ताटाकडं बघितलं, मग मंजुश्रीकडं बघितलं. "उद्या ये माय," ती म्हणाली. "आज मागू नको."

समोर वाटी भरून कुंकू, आणि आज मागू नको! मंजुश्रीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती तशीच वळली आणि रिकामी वाटी पदरात लपवत परत आली. कशाला लपवायची, कोण बघत होतं? पण लपवली.

खोलीत येऊन तिनं घरून आणलेले धपाटे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले, बिनचहाचे. काय चुकलं आपलं? गळ्यातलं लिंग बघितलं असेल, ही आपल्यातली नाही म्हणून? का शहरातली बाई चार दिवसांत पळून जाणार, हिला कशाला लावून घ्या म्हणून? तोंडावर बोलले असते तरी परवडलं असतं. औशात तिच्या घरी मिनिटभर शांतता मिळत नसे. दुकानातला गडी हाका मारतोय, शांभवी कशावरून तरी रडतेय, सासूबाईंचा टीव्ही चाललाय. तेव्हा ती वैतागायची. देवा, जरा एकटं राहू दे, असं किती वेळा म्हणाली असेल! आता बस म्हणावं एकटी. भिंतीवरची पाल तेवढी सोबतीला होती, तीही बोलत नव्हती. मंजुश्री गादीवर पडली आणि तोंडावर पदर घेऊन मनसोक्त रडली. कोणी ऐकेल ही भीती नव्हती, हाच काय तो फायदा.

सकाळी उठून आंघोळ केली, डाव्या तळव्यावर लिंग घेऊन पूजेला बसली. रोज ह्या वेळी शांभवी मागून येऊन गळ्यात पडायची आणि रागे भरून घ्यायची. आज कोणी आलं नाही. पूजा बिनअडथळ्याची झाली, पण तिचं मन काही त्यात लागलं नाही.

मग साडी नीट नेसून, फुगे फुगवून तिनं घंटा दिली. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. दिली, परत दिली. व्हरांड्यात उभी राहिली.

एक पोर आलं नाही.

रस्त्यानं गाव जात होतं. बैलगाड्या, एक ट्रॅक्टर, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, गाड्यांत बसलेली पोरं. तिचीच पोरं! वर्गात बसायची ती गाडीत बसून चालली होती. मंजुश्रीनं हात केला. पोरांनी हात केला, पण बायांनी त्यांना खाली दाबलं आणि मान खाली घालून पुढं गेल्या. एकीनंही "काय बाई" म्हटलं नाही. मागं राहिली शाळा, फुगे आणि ती. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं उरलं, ते व्हरांड्यात येऊन तिच्या सावलीला बसलं.

"तू पहिलीत येतोस का रे?" तिनं कुत्र्याला विचारलं. आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला भडभडून आलं.

अकरा वाजायला आले. शाळा सोडून जाणं बरं नाही हे तिला कळत होतं. पण सोडून म्हणजे कुणाला सोडून? तिनं कडी घातली, पर्समध्ये फोन टाकला आणि नाल्याकडं निघाली. मनाशी पक्कं केलं होतं. शांभवीसमोर हसायचं. डोळे पुसून घ्यायचे, पदर नीट करायचा. आणि कॉल झाला की ह्याच बांधावरून जीपवाल्याला फोन लावायचा. सामान कोणी चोरून नेणार नाही. साहेबांनी काय करायचं ते करावं.

बाभळीखाली पोचली तर तिथं माणसं. नागूबाईचं रान. पाऊस पडून, ऊन पडून जमीन पेरणीजोगी झालेली. बैलजोडी जुंपलेली, मागं तिफण, म्हणजे जिच्या वाडग्यासारख्या तोंडात बी सोडलं की तीन नळ्यांतून मातीत उतरतं ती जुनी पाभर. तिफणीला हळदकुंकू लावलेलं, हिरवं खणाचं कापड बांधलेलं. नागूबाईचा दीर दगडोबा कासरा धरून उभा. पलीकडच्या रानांतून ट्रॅक्टरचे आवाज येत होते, सगळ्या गावाची पेरणी लागली होती, आणि इथं मात्र सगळं थांबलेलं. नागूबाई आपल्याच रानात पाहुण्यासारखी कडेला उभी होती. बांधावर दगडाला टेकून पुनम बसली होती.

मंजुश्री त्यांच्याकडं न बघता फोन काढायला लागली. कालची वाटी ती विसरली नव्हती.

"मास्तरीणबाई आली बघ," नागूबाई दगडोबाला म्हणाली. मग झपाझपा चालत आली. "बाई, देवच पावला. तू सवाष्ण हायस ना? जरा मूठ धर माय."

"काय धरू?"

"मूठ. पयलं तास सवाष्णीच्या हातानं पेरायचं असतं. मागून ट्रॅक्टर येतो, पर पयलं तास बैलाचं न सवाष्णीच्या हाताचं. माझी सून गेली माहेरी बाळंतपणाला. गावातल्या बाया आपापल्या रानात. म्या कशी धरू? मपलं असं." तिनं मोकळ्या कपाळाकडं बोट नेलं आणि हात खाली घेतला. "सकाळपासून खोळंबून राहिलो. मुहूर्त चाललाय."

फोनवर दोन रेघा आल्या होत्या. अकराला पाच मिनिटं असतील नसतील. मंजुश्रीच्या ओठावर आलं होतं, उद्या धरते, आज मागू नका. अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हातारीचा चेहरा बघितला आणि ते गिळलं गेलं. रानाच्या धनिणीला बी हातात घ्यायची चोरी, आणि ती कालच्या पोरीला पदर पसरून मागतेय!

"किती वेळ लागेल?"

"ह्या बांधापासून त्या बांधापस्तोर. एकच तास," दगडोबा म्हणाला.

त्याच्या बोलण्यातलं तास म्हणजे पेरणीची एक ओळ, हे तिला कळत होतं. दिसायला जवळच वाटला तो बांध. तिनं फोन पुनमजवळच्या दगडावर उभा करून ठेवला, पदर खोचला, चपला काढल्या. नागूबाईनं तिच्या ओटीत सोयाबीन ओतलं. हळद लावलेलं बी, जड, थंड. तिनं उजव्या मुठीत घेतलं. दगडोबानं बैलांना हाक दिली.

बी विकणाऱ्याच्या घरातली सून ती. कुठल्या कंपनीची पिशवी कुठल्या रंगाची हे झोपेतसुद्धा सांगेल. पण बी मातीत जाताना तिनं जन्मात बघितलं नव्हतं. मुठीतून दाणे सोडायचे ते सारखे, ना जास्त ना कमी, आणि चालायचं बैलांच्या चालीनं. आधी फार पडले, मग फार थोडे. "हां, असंच," दगडोबा म्हणाला, "आता हात थांबू देऊ नका."

निम्म्यात आली असेल, आणि मागं बांधावर फोन वाजला.

तिचा हात थबकला.

"थांबू नका बाई," दगडोबा वळून न बघता म्हणाला. "पयलं तास तुटलं तर वरीसभर वैनीच्या नावानं बोलत्याल. आधीच बोलून राहिले."

फोन वाजतच होता. सासूबाईंनी धरला असेल, समोर शांभवी, पायाला कुंकू लावायला बाई खाली बसल्या असतील. मंजुश्रीनं मागं बघितलं. बांध लांब राहिला होता. नागूबाई दोन्ही हात छातीशी धरून तिच्याकडंच बघत होती, फोनकडं नाही. ओटीत बी, मुठीत बी. टाकून पळावं तरी पोचेपर्यंत बंद पडणार. आणि ते टाकायचं कुठं? सकाळी तळव्यावर लिंग असताना ती हात हलवत नाही, तसाच आता हात हलवता येईना. तिनं दाणे सोडले. परत मूठ भरली. पाय चालत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हातच नव्हता.

फोन बंद पडला. थोड्या वेळानं परत वाजला. "थांब गं माझी बाय, थांब," ती पुटपुटत होती, आणि दगडोबाला वाटलं ती बैलांना म्हणतेय. परत बंद पडला.

पलीकडच्या बांधाला तास पुरं झालं. शेवटचे दाणे सोडून ती तशीच अनवाणी, ढेकळांतून धडपडत पळत आली. हाताला हळद, तसाच फोन लावला. सासूबाई दिसल्या, हसतमुख, मागं शाळेचं पटांगण, फुगे, बायाबापड्यांची गर्दी.

"अगं, होतीस कुठं? किती लावला!"

"ठसा?"

"झाला की! छान उमटला. पाचही बोटं आलीत."

"रडली का?"

"छे! अजिबात नाही. शहाणी माझी पोर."

मंजुश्रीला जे वाटलं ते सांगायलाच हवं. तिला वाटलं, रडायला हवी होती. आईनं असं वाटून घेऊ नये. पण वाटलं. मग शांभवीच फोनमध्ये आली. कपाळावर टिळा, हातात फुगा.

"आई, तू दिसलीच नाहीस!"

"चुकलं गं माझं. मी येत होते पळत. गुदगुल्या झाल्या का?"

"पहिल्यांदा झाल्या. मी फोनमध्ये बघितलं तर तू नव्हतीस. मग मी आज्जीकडं बघितलं. मग नाही झाल्या." ती एवढं सरळ बोलली, जसं काही पेन्सिल नव्हती म्हणून पेन घेतलं. "आई, तुझा हात पिवळा का? चल, बोलावतेत मला." आणि ती गेली. फोनमध्ये थोडा वेळ आभाळ दिसत राहिलं, मग तेही गेलं.

मंजुश्री बाभळीखाली बसली. आता काय राहिलं होतं? शब्द मोडला, आणि मोडल्याचं पोरीला काही वाटलंही नाही. दुसरं माणूस सापडलं तिला. जीपवाल्याला फोन लावावा असंही वाटेना. ज्यासाठी धावत जायचं होतं, ते काम तर उरकलं होतं.

नागूबाई येऊन जवळ बसली. फोनवरचं सगळं तिनं ऐकलं होतं, बांधावर कोण कशाला कान झाकेल! मग म्हणाली, "काल तुला राग आला असंल."

मंजुश्री हाताची हळद पदराला पुसायला लागली.

"बी पुजलं ना माय, की मूठ पडेपस्तोर घरातलं काय पण भाईर देत न्हाईत. दूध न्हाई, इस्तू न्हाई, कुंकू न्हाई. लक्ष्मी जाती म्हंतेत. सगळ्या गावानं कालच बी पुजलं. न त्याच येळी तू आलीस वाटी घेऊन." ती जरा थांबली. "सांगावं तर तेबी जमत न्हाई. बी पुजल्यावर न्हाई का म्हनलं ते सांगायचं नसतं. न सकाळी पेरायला निघालं की वाटंत बोलायचं नसतं. तारामती तर रातच्याला जेवली न्हाई म्हन. मास्तरीणबाईला दूध न्हाई म्हनले म्हून."

अमरेशच्या दुकानातून हजारो पिशव्या जातात. त्या पुढं कुणाच्या ओसरीवर बसतात, त्यांच्यापायी कोण उपाशी झोपतं, हे दुकानात कोणी विचारलं नव्हतं.

"आता पडली मूठ," नागूबाई उठत म्हणाली. "आता काय पायजे ते माग."

दुपार कलताना सगळं आलं. तारामती चरवीभर दूध घेऊन आली, एवढं की ठेवायला भांडं नाही. काडेपेटी नाही म्हणणारा तो माणूस काडेपेट्यांचा सबंध पुडाच देऊन गेला आणि मान वर न करता गेला. मंजुश्रीनं चहा केला, एकटीनंच प्याला. दूध पुष्कळ होतं, घरात माणूस नव्हतं. ते कोण देणार होतं वाटीत घालून?

मग नागूबाई पुनमला घेऊन आली, पदरात कुंकवाची पुडी. नातीला व्हरांड्यात सोडून ती लगेच रानात परतली, ट्रॅक्टर आला होता. मंजुश्रीनं ताटलीत कुंकू कालवलं, कागद अंथरला, तोरणाखाली पाट मांडला. फुगे सकाळपासून जरा मऊ पडले होते.

पुनमचा तळपाय मातीनं राठ झालेला. तो धुऊन, पुसून तिनं कुंकवाचं बोट लावलं मात्र, पोरीनं पाय झटकन ओढून घेतला आणि आवळून बसली. परत लावलं, परत ओढला. खुदकन हसू यायला लागलं आणि त्यातच ओठ वाकडे व्हायला लागले. तिनं मागं बघितलं, आज्जी नव्हती. रस्त्याकडं बघितलं. हदगावकडं जाणारा रस्ता, तिची आई ह्याच रस्त्यानं बाळंतपणाला गेलेली. रस्ता रिकामा होता. व्हरांड्यात कोणीच नव्हतं.

मग पुनमनं मंजुश्रीकडं बघितलं.

बघतच राहिली, डोळे न हलवता, आणि तशीच बघत तिनं पाय पुढं केला. आता तिनं पाय मागं ओढला नाही. मंजुश्रीनं तळवा भरून कुंकू लावलं, कागदावर टेकवला, हलकेच दाबला. आणि हे सगळं करताना ती त्या पोरीकडं बघून हसत होती, कारण हसणं भाग होतं. समोरचं माणूस हसलं नसतं तर पोरीला रडू आलं असतं.

सासूबाईही अशाच हसल्या असतील सकाळी. फोन हातात, सून उचलत नाही, नात रडकुंडीला आलेली, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता अशाच हसल्या असतील. काल रात्रीपर्यंत मंजुश्री त्यांना मनातल्या मनात काय काय बोलली होती!

"उमटला?" पुनमनं विचारलं.

"उमटला की. पाचही बोटं आली."

"माझ्या आईला दावायचा."

"तिला दाखवू. वाळू दे आधी."

पुनम वाकून कागदावर फुंकर घालायला लागली. मंजुश्री तिच्या शेजारी पाटावर बसली, आणि दोघी मिळून फुंकर घालत राहिल्या. सकाळचं कुत्रं परत येऊन दारात बसलं. संध्याकाळी बांधावर जाऊन सासूबाईंना फोन करायचा, असं मंजुश्रीनं ठरवलं, आणि कॉल लागला की पोरीला द्या म्हणायचं नाही, आधी त्यांच्याशीच बोलायचं.